मदत हवी आहे: काचेच्या वाडग्यातला मोर नेमका कुठल्या कारखान्याचा?

नमस्कार मंडळी,

मी ओहायोत कोलंबसला राहते. आमच्या शेजारच्या आजी (वय ८८) गेल्या महिन्यात वृद्धाश्रमात राहायला गेल्या. घर आवरताना त्यांनी मला हाक मारली आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेला एक वाडगा हातात ठेवला. त्यात मोर आहे, मोर तुमच्याकडचा पक्षी, तेव्हा हा तुझ्याकडेच राहू दे, म्हणाल्या.

वाडगा त्यांच्या आजीचा. ती मिलर्सबर्गची, म्हणजे इथून गाडीने दीडेक तासावरच्या गावची. तिथे काचेचा कारखाना होता आणि हा वाडगा तिथलाच, असं त्या लहानपणापासून ऐकत आल्या आहेत. गावात आता त्या काचेचं एक संग्रहालय आहे. पुढच्या महिन्यात त्यांच्या वाढदिवसाला त्यांना वाडग्यासकट तिथे न्यायचं मी ठरवलंय. पण तिथे कुणी पटकन "हा आमच्याकडचा नव्हे" म्हटलं, तर? म्हणून आधी खरं काय ते कळायला हवं.

वाडगा साधारण साडेआठ इंचांचा, काठाला झालरीसारख्या चुण्या. आत मधोमध मोर उभा, शेजारी कलश, आणि चोचीपाशी एक इवलीशी माशी. ती मला तिसऱ्या दिवशी दिसली! रंग तर काय सांगू. पाण्यावर तेलाचा तवंग पसरावा तसा हिरवा, सोनेरी, मध्येच जांभळट गुलाबी. वाडगा जरा कलता केला की पिसाऱ्यावरून रंग सरकत जातात. आईच्या पैठणीच्या पदरावरचे बांगडी मोर असेच हलताना रंग बदलतात, त्यामुळे हा वाडगा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला एकदम घरचीच वस्तू वाटली.

मी वाचलं त्यावरून ही कार्निव्हल ग्लास. साच्यात दाबून घडवलेली काच गरम असतानाच तिच्यावर धातूंच्या क्षारांचं द्रावण फवारायचे, त्याचा हा रंग. पण मोर आणि कलश ही नक्षी फेंटन, नॉर्थवूड आणि मिलर्सबर्ग या तिन्ही कारखान्यांनी काढली होती म्हणे. तिन्हींचे फोटो समोर ठेवून दोन रात्री बसले, मला सगळे मोर सारखेच दिसायला लागले. वाडग्यावर कुठेही शिक्का नाही.

दुसरा प्रश्न साफ करण्याचा. आत पाण्याचा पांढरट थर बसलाय. आई फोनवर म्हणाली, चिंच लावून बघ. अजून हात लावलेला नाही. लावू का?

फोटो जोडलेत. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी चिंच लांब ठेवा! रंग काचेच्या आत नाही, वर पातळ थर आहे. आंबट पदार्थ, गंज किंवा क्षार काढायची औषधं यांनी तो उतरू शकतो, आणि एकदा उतरला की परत येत नाही. प्लॅस्टिकच्या घमेल्यात जाड टॉवेल घाला, कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं. डिशवॉशरमध्ये अजिबात नको. थंडगार वाडग्यावर गरम पाणीही ओतू नका, जुनी काच तडकते.

आता मोर. मी फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सचे कार्निव्हल पेले जमवतो, त्या नादात अमेरिकन काचही बरीच पाहिली आहे. माशी फेंटन आणि नॉर्थवूडच्या मोरापाशी असते, मिलर्सबर्गच्या मोरापाशी सहसा नसते. पण मिलर्सबर्गचे माशीवाले वाडगेही आहेत, तेव्हा नुसत्या माशीवर जाऊ नका. तुमचे सगळे फोटो आतल्या बाजूचे आहेत. वाडगा पालथा करून बघा. बाहेरून बेरीची फळं-पानं असतील तर ती फेंटनची नक्षी, संग्राहक तिला बिअर्डेड बेरी म्हणतात.

मग बुडाचं कडं दिव्यासमोर धरा. वरच्या झळाळीवरून रंग ठरवायचा नाही, मूळ काचेचा ठरवायचा. निळी काच असेल तर मिलर्सबर्गची शक्यता फारच कमी. त्यांचा माल मुख्यतः मॅरीगोल्ड (झेंडूसारखा नारिंगी), जांभळा आणि हिरवा, निळा दुर्मिळ. शिवाय त्यांची झळाळी बहुतेक आरशासारखी असते, तिला रेडियम फिनिश म्हणतात.

शिक्का नसण्याचं म्हणाल, तर नॉर्थवूडच्या पुष्कळ वस्तूंवर वर्तुळात अधोरेखित 'एन' असतो, सगळ्यांवर नाही. फेंटनने कार्निव्हलवर शिक्का टाकायला १९७० मध्ये सुरुवात केली. म्हणजे वाडगा फेंटनचा निघाला, तर शिक्का नसणं हे तो जुना असल्याचंच लक्षण.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद वाचता वाचताच वाडगा पालथा केला. बाहेरून फळं आणि पानं, अगदी तुम्ही म्हणता तशी. इतके दिवस मी फक्त मोर बघत बसले होते. बुडाशी टॉर्च धरला तर काच गर्द निळी, शाईच्या दौतीसारखी.

म्हणजे फेंटन. वेस्ट व्हर्जिनियातलं विल्यम्सटाउन, मिलर्सबर्ग नव्हे. खरं सांगते, वाईट वाटलं.

मग थोडं आणखी वाचलं. फेंटन कंपनी १९०५ मध्ये फ्रँक आणि जॉन या दोन भावांनी काढली. त्यातला जॉन वेगळा झाला आणि मिलर्सबर्गला येऊन त्यानेच तो कारखाना उभा केला. १९०९ मध्ये भट्टी पेटली, १९११ मध्ये दिवाळं निघालं. अवघी दोन-तीन वर्षं! एका भावाने त्या गावात मोर घडवले आणि दुसऱ्याने विल्यम्सटाउनमध्ये. आजींच्या घरच्यांनी मोर बघून आपल्या गावचा समजला असेल, तर त्यात नवल काय?

आज वृद्धाश्रमात जाऊन आजींना सगळं सांगितलं. लपवावंसं वाटत होतं, पण त्यांच्याच आजीची वस्तू, खोटं कसं बोलणार? त्यांनी वाडगा मांडीवर पालथा घेतला, फळांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, की ही बाजू मीही कधी पाहिली नव्हती. जेवणाच्या टेबलावर तो कायम सुलटाच असायचा, सफरचंदांनी भरलेला.

मिलर्सबर्गला जायचंच आहे म्हणाल्या, गावचा मोर शेजारी ठेवून बघायला. आता एकच विचारायचंय: गाडीतून दीड तास नेताना कशात गुंडाळू? झालरीच्या काठाला धक्का लागायची भीती वाटते. टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवला तर पुरेल ना, की आत कागदाचे बोळेही भरू?