‘हॅमर्ड कॉपर’ला मराठीत काय म्हणावं?

मासोळी: इंग्लंडमधल्या जुन्या बाजारातून तांब्याचं एक तबक घेतलं. काठावर मासे, मागे ‘न्यूलिन’ असा ठसा. विकणारा ‘हॅमर्ड’ म्हणत होता. माझ्या संग्रहाची वही मराठीत आहे, पण ‘हातोडीने ठोकलेले’ लिहिलं तर तबकाला कुणीतरी मारहाण केल्यासारखं वाटतं. दुसरा शब्द आहे का?

बंबवाला: आहे की, ‘मठारलेलं’. पुण्याच्या तांबट आळीत विचारा. बंबाच्या, घंगाळाच्या अंगावर ओळीने जे चकाकते ठोके दिसतात, ते मठारकाम. नुसती शोभा नव्हे ती. मठारल्याने पत्रा कडक होतो.

उलटा पत्रा: शब्द फक्कड, पण मासे मठारून येत नाहीत. न्यूलिन हे कॉर्नवॉलमधलं कोळ्यांचं गाव. होड्या किनाऱ्यालाच अडकून पडायच्या त्या दिवसांत तिथल्या पोरांना काहीतरी काम हवं, म्हणून १८९० मध्ये तांबेकामाचा वर्ग सुरू झाला. जॉन ड्रू मॅकेन्झी हा चित्रकार शिकवायचा. मासे आणि गलबतं नक्षीत आली ती तिथूनच. पत्रा पालथा घालून मागून ठोकायचा, म्हणजे पुढे आकार फुगतो. याला ‘उठावाचं काम’ म्हणा. ‘कोरीव’ मात्र लिहू नका. कोरताना धातू निघून जातो, इथे तो नुसता सरकतो.

बंबवाला: मान्य. मग लंडनच्या लिबर्टी दुकानाच्या ‘किमरिक’ नावाच्या चांदीच्या वस्तूंना काय म्हणाल? त्यातल्या काही वस्तूंवर हातोडीच्या खुणासुद्धा यंत्राच्या ठशातून उमटवलेल्या.

उलटा पत्रा: ‘मठारछाप’! हा शब्द कोशात नाही, आत्ताच पाडला. तिकडच्या ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ या हस्तकलेच्या चळवळीत हाताची खूण हीच प्रतिष्ठा झाली, मग तिची नक्कल होणारच.

मासोळी: छान, दोन्ही घेते. आणि ‘पॅटिना’? मी ‘कळंक’ लिहिलंय.

बंबवाला: आधी ते खोडा! कळंक म्हणजे कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट ठेवलं की धरतो तो विषारी हिरवा थर. तुम्हाला हवाय तो ‘राप’, वर्षानुवर्षांच्या हवेने नि हाताळण्याने आलेला तपकिरी रंग. संग्राहक त्याच्यासाठीच जास्त पैसे मोजतात. चिंच, लिंबू जवळसुद्धा नेऊ नका.

मासोळी: चिंच कालच लावली. लख्ख निघालंय.

बंबवाला: …मग वहीत ‘जिल्हई’ लिहा.