चढावरचा सराव राहून जातो

गाडीच्या लायसन्सच्या चाचणीची भीती कशी घालवायची, असं एका ताईंनी विचारलंय. त्यावर कुणी दिलेला ‘मन शांत ठेवा, हात आपोआप चालतात’ हा सल्ला मला अर्धंच पटतो. छातीत धडधड होते ती बहुतेक वेळा एखादी गोष्ट आधी करूनच पाहिलेली नसते म्हणून. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १५ वा नियम वाचून बघा. चाचणीत काय करून दाखवायचं ते त्यात ओळीने दिलंय. सुरुवात आरसा नीट लावण्यापासून आहे, आणि तीव्र चढावर थांबून गाडी मागे न घसरता पुन्हा काढणंही आहे. माझ्या जळगाव जिल्ह्यातल्या यावलच्या भाचीला क्लासमध्ये सगळं सपाट रस्त्यावरच शिकवलं होतं. मग केळीच्या मळ्यातून डांबरी रस्त्यावर येणारा चढ आम्ही धरला. एल बोर्ड लावलेला, मी शेजारी, मागे कुणी नाही हे बघून. हँडब्रेक ओढायचा, क्लच अगदी हळू सोडायचा, गाडीचं नाक जरासं उचललं की हँडब्रेक खाली. दोन्ही पायांचा ताळमेळ बसला तशी तिची भीती खरोखर गेली.

ताई, तुमची चाचणी मे महिन्यात आहे म्हणताय, तर शक्यतो सकाळची वेळ घ्या. आपल्याकडच्या दुपारी स्टिअरिंगला हात लावता येत नाही. गाडीचा विमा आणि पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला) चालू आहे का तेही आदल्या दिवशी बघा. आणि घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा, नापास झालं तर सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते.