स्ट्रॉबेरी हिलला आईला नेऊ का?

रेडिंगची_सून:
नमस्कार मंडळी. आई पुण्याहून आलीये. लेकीला शाळेत यंदा ‘फ्रँकेन्स्टाइन’ आहे, त्यामुळे घरात उठता-बसता गॉथिक, म्हणजे जुन्या वाड्यांतल्या भुताखेतांच्या गोष्टी, चाललंय. तिचा हट्ट, आजीला लंडनच्या ट्विकनहॅमचं स्ट्रॉबेरी हिल, तो जुना गॉथिक वाडा, दाखवायचं. मैत्रीण म्हणते, आत काही नाही, रिकाम्या खोल्या. आई म्हणते, “भुतंखेतं बघायला तिकीट कशाला काढायचं?” कोणी गेलंय का? आणि २०१४ साली ब्रिटिश लायब्ररीत गॉथिकचं मोठं प्रदर्शन होतं ना, त्यात काय होतं? आमचं हुकलं.

गिरगावचा_मखरवाला:
ताई, जाच. मी दोन्ही बघितलंय.

मैत्रीण खोटं बोलत नाही. सामान १८४२ मध्ये लिलावात गेलं, चोवीस दिवस तो लिलाव चालला होता. पण बघायचं ते घरच.

मी वीस वर्षं मंडळाची मखरं केली, त्यामुळे कुठेही गेलो तरी मान आधी वर. तिथे एक लांबलचक गॅलरी आहे. भिंती लालभडक, आणि छताला पंखे उघडावेत तसं पांढरं-सोनेरी दगडी कोरीवकाम, वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या सातव्या हेन्रीच्या चॅपेलवरून उचललेलं. दगडी म्हणालो ना? कागदाचा लगदा आहे हो! आपले लगद्याचे गणपती असतात तोच प्रकार. जिन्याच्या भिंतीवरची दगडी जाळीपण कागदावर रंगवलेली. मी बोट लावायला गेलो, तर तिथल्या आजीबाईंनी असं बघितलं की हात परत खिशात.

मालक होरेस वॉलपोल, पंतप्रधानाचा मुलगा. १७६४ च्या जूनमध्ये त्याला स्वप्न पडलं: जिन्याच्या सगळ्यात वरच्या कठड्यावर चिलखतातला अजस्र हात. त्यावरून त्याने ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ लिहिली, आणि छापली मात्र जुन्या इटालियन पुस्तकाचा अनुवाद म्हणून, अनुवादकाचं नावही बनावट. पुस्तक चाललं तेव्हा दुसऱ्या आवृत्तीत कबुली दिली. वाडा लगद्याचा, गोष्ट खोटी जुनी, आणि यातून अख्खं गॉथिक साहित्य निघालं! मखरवाल्याला आणखी काय हवं?

लायब्ररीतलं प्रदर्शन त्याच पुस्तकाला २५० वर्षं झाली म्हणून होतं. सगळी गर्दी व्हॅम्पायर मारायच्या पेटीभोवती. लाकडी खुंट्या, हातोडा, पिस्तूल, क्रूस, सगळं मखमलीत बसवलेलं. पेटी लीड्सच्या रॉयल आर्मरीज या शस्त्रसंग्रहालयाची, आणि त्यांच्याच जाणकारांचं म्हणणं की व्हॅम्पायरचे सिनेमे आल्यावर कुणीतरी जुन्या वस्तू जमवून ती बनवली असावी. म्हणजे पुन्हा मखरच.

मी अडकलो ते मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या हस्तलिखितापाशी. पोरगी अठरा-एकोणीस वर्षांची, नवऱ्याने, पर्सीने, जागोजाग पेन चालवलेलं. राक्षसाच्या चेहऱ्याला तिने ‘हँडसम’ लिहिलं होतं, पर्सीने खोडून ‘ब्यूटिफुल’ केलं. हे हस्तलिखित नेटवर आहे, लेकीला ती खाडाखोड जरूर दाखवा. मला तर तिचाच शब्द बरा वाटतो.

फोर्टातली:
मखरवाले, लगदा वाचून हसले. मुंबई विद्यापीठातला आपला राजाबाई टॉवरही गॉथिकच, पण त्याचा दगड तरी खरा, कुर्ल्याचा. नकाशे मात्र इंग्लंडहून आले. ते काढणारा गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलाच नाही. ताई, आईंना विचारा, ओव्हल मैदानावरून जाताना कधी भूत आठवलं का? मला तर परीक्षा आठवते.

गुडघे_गेले:
वॉटर्लूहून स्ट्रॉबेरी हिल स्टेशनला गाडी आहे, तिथून थोडंसं चालणं. रोज उघडं नसतं, वार बघून निघा. जिन्याचं आईंना झेपेल का, ते आधी फोन करून विचारा. आम्ही न विचारता गेलो आणि मी निम्मा वेळ खालीच बसून होतो. केक बरा होता.

रेडिंगची_सून:
सगळ्यांचे आभार! आईला मखरवाल्यांचं मोठ्याने वाचून दाखवलं. लगद्यापर्यंत आले आणि चष्मा शोधायला लागली. तिकिटं काढली. आता तिचा प्रश्न आहे, एवढ्या वर्षांत त्या कागदाला वाळवी कशी लागली नाही? मखरवाले, हे तुमच्याकडे.