मदत हवी आहे: आई रडते, बाबा चिडतात, दोघांनाही डिप्रेशन असेल का?
आई ६८, बाबा ७४, सांगलीत दोघंच असतात. आईचं कळतं तरी, फोनवर रडते, झोप नाही म्हणते, तिला गोळ्या चालू झाल्यात आणि फरकही आहे. पण बाबा कट्ट्यावर जात नाहीत, पेपरची घडीसुद्धा मोडत नाहीत, मीठ कमी पडलं की ताट सरकवतात, विचारलं तर "मला काय धाड भरलीये?" नातेवाईक म्हणतात वयाचा स्वभाव, मला नाही पटत. पुरुषांमधे उदासी बऱ्याचदा चिडचिडीतून बाहेर येते आणि म्हातारपणी आत्महत्येचं प्रमाणही त्यांच्यातच जास्त, म्हणून टेन्शन आलंय. आधी थायरॉईड, बी१२ तपासू की म्हातारपणातलं डिप्रेशन ओळखायची ती १५ प्रश्नांची जीडीएस चाचणी? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर कुणी घरच्यांसाठी फोन केलाय का? आणि असल्या हट्टी माणसाला सायकॅट्रिस्टकडे नेलंत कसं, काय सांगून?