आईच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या आहेत, सल्ला हवा

चाळकरीण:
आईचं माहेर पाटण तालुक्यातलं, सासर लालबागचं. वडील गिरणीत होते आणि आई घरातच खानावळ चालवायची. गाळ्यात राहणारे गावाकडचे वीसेक गडी आमच्याकडे जेवायचे. आता तिला नीट दिसत नाही, त्यामुळे लिहून घेणं शक्य नाही. स्मरण मात्र अजून लख्ख आहे. भाऊ पुण्याला, बहीण शारजाला, आणि नातवंडांना मराठी समजतं पण वाचताना अडखळतात. तिचं सगळं तिच्या तोंडून त्यांच्यापर्यंत पोचावं असं फार वाटतं. अडचण अशी की विचारलं की म्हणते, "माझ्या जन्मात काय आहे सांगण्यासारखं?" आणि मोबाईल समोर धरला की पाहुण्यांशी बोलल्यासारखं बोलते. ऑडिओ करू की व्हिडिओ? प्रश्न कोणते विचारू? पुस्तक काढावं का?

निवडटिपण:
ऑडिओच करा. कॅमेरा दिसला की त्या पदर सारखा करत बसतील. आणि "तुझं आयुष्य सांग" असं विचारूच नका, कामाचं विचारा. पहाटे स्टोव्ह किती वाजता पेटायचा, रॉकेल कुठून यायचं, पहिल्या पाळीचे गडी जेवायला कधी यायचे आणि रात्रपाळीचे कधी, हिशेब वहीत होता की डोक्यात, पैसे पगारालाच मिळायचे की मधेही. एखाद्याने पैसे बुडवले तर काय करायची, हे नक्की विचारा. लसूण सोलायला किंवा मेथी निवडायला समोर द्या. हात कामात असले की बाई मोकळी बोलते.

तारखांचा आग्रह धरू नका. आपल्याकडे त्या पिढीत अनेकांची जन्मतारीख शाळेत लावलेली १ जून असते. त्याऐवजी खुणा द्या. पाटणच्या आहेत म्हणजे कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, त्यांनी अनुभवलेला असणार. तेव्हा घरात कोण कोण होतं, लग्न झालं होतं का, विचारा. पुढे बहात्तरचा दुष्काळ, मग १८ जानेवारी १९८२ चा गिरणी संप. या तीन खुणांच्या मागेपुढे बाकीचं आपोआप लागत जातं.

जुना_लालबागकर:
संपाचं सविस्तर घ्या, ही कळकळीची विनंती. दत्ता सामंतांबद्दल, गिरण्यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, पण कामगार गावाला निघून गेले तेव्हा खानावळवालीची उधारी कुठे गेली, दुकानदाराने तिला माल दिला का, हे तिच्याशिवाय कोण सांगणार? प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. आईंचा त्याच्याशी संबंध आला होता का, तेही विचारा.

ध्वनीवेडा:
फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. पंखा बंद, खिडकी बंद, फोनखाली जाड टॉवेल. कॉलरला लावायचा साधा माइक घेतला तर फरक लगेच ऐकू येतो. सुरुवातीला स्वतः बोला: आज तारीख अमुक, कुठे बसलोय, कोण बोलतंय. वेव्ह फॉरमॅटमध्ये मोनो (एकाच चॅनेलवर) केलंत तर तासाला साधारण ३०० एमबी होतात, परवडतं. शारजाला पाठवताना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. प्रती तीन घरांत वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा. एकच पेन ड्राइव्ह करून कपाटात ठेवू नका.

सरकीची_पेंड:
लिहून काढताना प्रमाण भाषेत करा म्हणजे नातवंडांना सोपं जाईल.

निवडटिपण:
याला माझा ठाम विरोध आहे. आई "म्या गेले हुते" म्हणाली असेल तर तसंच लिहा. बोलून टाइप करायची सोय वापरलीत तर ती "मी गेले होते" करून टाकते, म्हणून कान देऊन दुरुस्त करावंच लागतं. मुलांना कागद हातात देऊन आवाज लावा, महिन्याभरात आजीची बोली कळायला लागेल.

माणदेशी_ओवी:
आईंनी जातं ओढलं असेल तर ओव्या घ्याच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी खेडोपाडी फिरून बायकांच्या लाखाच्या वर ओव्या जमा केल्या, त्यातल्या कितीतरी 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्या आधी आईंना ऐकवा. सासुरवासाचं, भावाच्या दुराव्याचं जे बाई सरळ बोलत नाही ते ओवीत येऊन जातं. फक्त एकटीला आठवत नाहीत, एकीनं ओढली की दुसरीला पुढची सुचते. बरोबरीची कुणीतरी शेजारी बसवा.

चाळकरीण:
मावशी गणपतीला येतेय, दोघींना एकत्र बसवते! पण एक भीती आहे. आई जावांबद्दल, आजीबद्दल बोलेल ते सगळ्यांनी ऐकावं का? काकू अजून आहेत.

निवडटिपण:
रेकॉर्डिंग संपलं की त्याच दिवशी तिलाच विचारा, "यातलं कुणाला ऐकवू, कुणाला नको?" तिचं उत्तरही रेकॉर्ड करा. नको म्हणाली तो भाग वेगळ्या फाइलमध्ये, तुमच्याकडेच. आणि तुम्हाला वेगळं आठवत असलं तरी मधेच "असं नव्हतं गं" म्हणू नका. भावाला त्याची आठवण वेगळी सांगू द्या, दोन्ही ठेवा.

जुना_लालबागकर:
पुस्तकाची घाई नको. आधी मोठ्या टायपात छापून झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून घ्या. आईंना वाचून दाखवा. वाचताना त्या हमखास म्हणतील, "हे राहिलं की!" तेव्हा फोन चालू असू द्या.

चाळकरीण:
मंडळी, मनापासून आभार. माइक मागवला. पहिला प्रश्न स्टोव्हचा.