वादळी तारुण्य आणि वहीतल्या कविता : अनुभव धागा

पन्नाशीच्या आसपास पोहोचलेल्या, वर्षानुवर्षे कविता लिहिणाऱ्या आणि तरीही ज्यांचे नाव कोणत्याही पुरस्काराच्या यादीत किंवा संमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेत नाही, अशांनी आपल्या अस्वस्थ तारुण्याविषयी येथे लिहावे, अशी विनंती आहे. प्रसिद्धी का मिळाली नाही, याची चर्चा नको. त्या वर्षांतले आपल्या कवितेत काय उरले, ते सांगावे.

लालबाग, मुंबई

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यांत माझे वडील होते. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, त्यामुळे आमच्या घरात तो कधी संपला, हे आजही कोणाला सांगता येत नाही. आई खाणावळ चालवत असे. गावाकडून एकटे आलेले कामगार तिच्याकडे दोन वेळा जेवायला येत. संप लांबला तसे त्यांतले बरेच जण कोकणात किंवा घाटावर परत गेले आणि त्यांची उधारी आईच्या वहीत तशीच राहिली. माझ्या पहिल्या कविता मी त्याच वहीच्या कोऱ्या पानांवर लिहिल्या आहेत.

कॉलेजच्या वयात मी मोर्चांत गेले, पथनाट्यांत कविता म्हटल्या, घरच्यांचा विरोध पत्करून आंतरजातीय लग्न केले. त्या काळातल्या माझ्या कवितांत मशाल आणि भोंगा हे शब्द वारंवार येतात. आज वाचताना त्यांतला भोंगा मला खरा वाटतो, कारण पाळी बदलताना तो आम्ही रोज ऐकला होता; मशाल मी कधी हातातही धरली नव्हती. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांखालून कामावर जाताना आता मी खाणावळीतल्या माणसांवर लिहिते: कोण आपल्या ठरलेल्या जागेसाठी अडून बसे, कोण पगाराच्या दिवशी जास्तीची भाकरी मागून घेई, आणि गावाहून आलेले पत्र कोण आईकडून वाचून घेई. विशीतही मला हीच कविता लिहायची होती, असे मला मनापासून वाटते. पण तेव्हा घोषणांचा आवाज फार मोठा होता.

लातूर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे नुकतीच झोपलेली असताना भूकंप झाला. मी तेव्हा महाविद्यालयात होतो आणि मदतीसाठी किल्लारीला गेलेल्या मुलांपैकी एक होतो. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचा थर असलेली माळवदे, म्हणजे आमच्या भागात उन्हाळ्यात थंडावा देणारी घरेच, झोपलेल्या माणसांवर कोसळली होती. परतल्यावर माझ्या बरोबरीच्या अनेकांनी त्यावर कविता लिहिल्या. मला मात्र पुढे कितीतरी काळ एक ओळही सुचली नाही. नंतर जे सुचले ते पत्र्याच्या तात्पुरत्या घरांविषयी होते, आणि पाऊस आला की दचकून उठणाऱ्या म्हाताऱ्यांविषयी. या कविता मासिकांकडून ‘साभार परत’ येत राहिल्या. त्यांत भूकंप दिसत नाही, असे एका संपादकांनी कळवले होते. तो दिसू नये, अशीच माझी इच्छा होती आणि अजूनही आहे.

डिचोली, गोवा

गोव्यात राजभाषेवरून आंदोलन पेटले तेव्हा मी मराठीच्या मिरवणुकांत होतो आणि माझा सर्वांत जवळचा मित्र कोकणीच्या. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी विधानसभेने कायदा संमत केला, कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापरालाही त्यात जागा ठेवली गेली. आमचे बोलणे मात्र त्यानंतरही बराच काळ बंद होते. वास्तविक दोघांच्याही घरांत बोलणे कोकणीत चाले आणि देवळातली आरती मराठीत. आज माझ्या मराठी कवितांचा पहिला वाचक तोच आहे, आणि एखादा शब्द केवळ ग्रांथिक म्हणून आला असेल तर तो त्याच्या कानाला लगेच खटकतो. या कवितांची पुस्तिका मी स्वखर्चाने काढावी, असे त्याचे म्हणणे आहे. आंदोलनाच्या दिवसांतल्या, त्याच्या बाजूवर तुटून पडणाऱ्या कविताही तिच्यात असाव्यात, असा त्याचा आग्रह आहे. मला त्या नको आहेत, आणि या एका मुद्द्यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.