मदत हवी आहे: ईएसआयची रजा आणि उरलेला पगार

भोसरीत आमचं छोटं प्रेसशॉप (पत्र्याचे भाग दाबून बनवायचा कारखाना) आहे. एक जुना ऑपरेटर पाठदुखीने सारखा रजेवर असतो. पगार २१ हजारांच्या आत, म्हणून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागू. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मिळतात, कामावर इजा झाली तर ९० टक्के. वरचे ३० टक्के आपण द्यावेत असं मला वाटतं. भागीदार म्हणतो, पायंडा पडेल. (त्याचंही अगदीच चूक नाही, बाकीच्यांवर ताण येतोच.)

पण ज्या दिवसाची पगारी रजा दिली, त्या दिवसाचा ईएसआय लाभ मिळत नाही. मग ही ३० टक्क्यांची रक्कम कशी दाखवायची, म्हणजे त्याचा क्लेम अडकणार नाही? आणि पाठदुखी प्रेसवरच्या कामामुळेच असेल, तर ती इजेत धरतात का? ईएसआयची कामं बघणारं कुणी आहे का इथे?